ब्रूनोचं इंग्रजी आणि माझं

"महिनाभरात याला कामापुरतं इंग्रजी बोलता आलं पाहिजे," साहेब म्हणाले. "कसं शिकवायचं ते तुम्ही बघा. इंग्रजीचे मास्तर तुम्ही आहात."

समोरच्या बाकावर बसलेला माणूस माझ्याकडे बघून हसला. गोरा, पण उन्हानं विटेसारखा झालेला. हाताला ग्रीस. त्याला आमच्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं, तरी तो खुशीत होता.

मी तेव्हा बुलढाण्याच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो. वर्ष दुष्काळाचं. परदेशातल्या कुठल्याशा धर्मादाय मंडळानं जिल्ह्याला बोअर मारायचं मशीन दिलं होतं. मशीन मोठ्या ट्रकवर बसवलेलं, त्याला रिग म्हणायचे. रिगबरोबर हा मेकॅनिक आला, ब्रूनो. इटलीतल्या कुठल्या तरी खेड्यातला. त्याला इटालियन येत होतं, आमच्या मजुरांना वऱ्हाडी. मध्ये पूल म्हणून इंग्रजी घालायचं ठरलं, आणि ते दोघांनाही येत नव्हतं. सरकारी डोकं ते! साहेबांचं खातं कुठलं हे सांगत नाही. हेडमास्तरांना त्यांनी एक चिठ्ठी लिहिली आणि माझे दुपारचे तास रद्द झाले.

मी तयारीला लागलो. परकी भाषा शिकवताना आधी शब्दांची यादी करतात, तिला व्होकॅब्युलरी म्हणतात. रोजच्या वापरातले शब्द आधी, बाकीचे मागून, असा नियम आहे. मी पाचवी ते आठवीची क्रमिक पुस्तकं उघडली आणि रोजच्या वापरातले तीनशे शब्द काढले. किंग, पॅरट, पॅलेस, शेफर्ड, बुलक कार्ट. बुलढाण्यात रोज राजा कोणाला भेटतो, हा प्रश्न मला पडला नाही. बी.एड. झालेल्या माणसाला असले प्रश्न पडत नाहीत.

पहिल्या दिवशी मी चित्र दाखवलं. "रिपीट आफ्टर मी. धिस इज अ किंग."

"नो," ब्रूनो म्हणाला.

मला वाटलं, त्याला वाक्य जड गेलं. मी नुसतं "किंग" म्हणालो.

"नो किंग, टीचर." त्यानं कोपऱ्यातली बादली उचलून टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे बोट केलं.

"बकेट," मी नाइलाजानं म्हणालो.

"बकेट!" त्यानं खिशातून वही काढून ते त्याच्या लिपीत लिहून घेतलं. मग दोर, पाना, पाइप, साखर, साप, जुलाब. या क्रमानं त्याचं शिक्षण झालं. माझी तीनशे शब्दांची यादी तशीच राहिली.

त्याच दिवशी मी त्याला "वॉटर, कोल्ड?" असं विचारलं, तर तो दोन्ही हात हलवून नको म्हणाला. बाहेर एप्रिलचं ऊन. बऱ्याच खाणाखुणांनंतर कळलं, की त्याच्या भाषेत "काल्दो" म्हणजे गरम. आमच्या धंद्यात अशा शब्दांना फॉल्स फ्रेंड म्हणतात. ओळखीचे वाटतात आणि ऐनवेळी दगा देतात. असे शब्द मी त्याच्यासाठी वेगळे लिहून काढले. तेवढं एक काम मी बरं केलं.

मला त्याच्या इंग्रजीपेक्षा त्याच्या "नो"चा त्रास व्हायचा. दिवसातून वीस वेळा नो. चहा अजून घेणार? नो. धडा संपवू या? नो. त्यात राग नसायचा, माफीही नसायची. मी वीस वर्षं मास्तरकी केली होती. माझ्या वर्गात मला कोणी नाही म्हटलेलं नव्हतं, आणि हेडमास्तरांना मी नाही म्हटलेलं नव्हतं. अगदी वळण नसलेला माणूस आहे, असं मी घरी सांगितलं.

तिसऱ्या आठवड्यात त्यानंच एक शंका काढली. रिगवरचे मजूर त्याच्या प्रत्येक बोलण्याला "येस सर" म्हणायचे. त्यानं लांब पाइप मागितला की येस सर, आणि जागचं कोणी हलायचं नाही. समजलं का विचारलं की पुन्हा येस सर.

"टीचर, येस सर, व्हॉट इज?"

"रिस्पेक्ट," मी म्हणालो. मोठ्या माणसाला नाही म्हणू नये, समजलं नाही असंही म्हणू नये, ही आपली रीत त्याला जमेल तशी समजावली.

"सो, येस सर, नॉट येस?"

"समटाइम्स येस."

त्यानं वहीत "येस सर" लिहिलं, त्यापुढे भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलं आणि ते पान फॉल्स फ्रेंडच्या कागदाला टाचून ठेवलं. मला ते अजिबात आवडलं नाही.

महिना संपला आणि रिग देऊळघाटच्या पुढच्या एका गावात गेली. गावाचं नाव सांगत नाही, त्यातली माणसं अजून भेटतात. दुभाषा म्हणून मीही गेलो. या गावात विहीर एकच होती, आणि बौद्ध वस्तीतल्या बायांनी तिला हात लावायचा नाही अशी तिथली रीत. त्यांनी हंडे लांब ठेवून उभं राहायचं. कोणाला दया आली तर वरून ओतायचं, नाही आली तर परत जायचं. कायदा केव्हाच झाला होता. तो या गावात पोहोचायचा होता. पाणी शोधणारे जिऑलॉजिस्ट महिन्यापूर्वी येऊन गेले होते. त्यांनी वस्तीतल्या लिंबाखाली खुंटी ठोकून भोवती चुन्याचा गोल काढला होता आणि तसा नकाशाही दिला होता. त्याची एक प्रत ब्रूनोकडे होती.

आम्ही गावात शिरलो तर खुंटी सरपंचांच्या गोठ्यामागे ठोकलेली! शेजारी मांडव, मांडवात सतरंजी, सतरंजीवर आमचे साहेब. पाण्याला मोताद झालेल्या गावात भरीत, भाकरी, ताक आणि वर जिलेबी. सरपंच स्वतः वाढत होते, मलाही त्यांनी पंगतीत बसवून घेतलं.

"मास्तर, सांगा त्याले, पाणी इथंच लागते," सरपंच म्हणाले. "माह्या बापजाद्यापासून लोक सांगून राह्यले."

ब्रूनोनं नकाशा उलगडला. खुंटीकडे पाहिलं, मांडवाकडे पाहिलं.

"हिअर?" त्यानं मजुरांना विचारलं.

"येस सर," तिघं एका सुरात म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, तुम्ही सांगा. जागा बदलली आहे म्हणावं."

व्याकरणात इनडायरेक्ट स्पीच नावाचा प्रकार आहे. बोलणाऱ्याचं वाक्य आपण सांगायचं, आणि त्याची जबाबदारी बोलणाऱ्यावरच ठेवायची. नववीला असतो. मी त्याच्या आडोशाला उभा राहिलो. "साहेब से, द प्लेस इज हिअर," मी म्हणालो.

"अँड यू, टीचर? हिअर?"

आता मला आडोसा उरला नाही. मला जागा माहीत होती. नकाशा मीच त्याला वाचून दाखवला होता. पण साहेबांची आणि हेडमास्तरांची ऊठबस होती. माझं घर बुलढाण्यात, पोरी तिथल्या शाळेत, आणि बदलीचा महिना तोंडावर आलेला. जिलेबी अजून तोंडात होती. ती गिळली आणि म्हणालो, "येस सर."

चाळीस पोरांच्या मास्तरानं एका मेकॅनिकला सर म्हटलं. मला आजही त्याची शिसारी येते.

मांडवाबाहेर, उन्हात, वस्तीतल्या बाया हंडे घेऊन उभ्या होत्या. त्यातली कौसाबाई पुढे आली. पन्नाशीची, काटक, आवाज खणखणीत.

"मास्तर, खुटी आमच्या लिंबाखाली होती ना? काल उपटून आणली यायनं. सांगा ना त्याले इंग्रजीत. आमाले नाही येत बोलता."

"साहेबांचा निर्णय आहे, बाई," मी म्हणालो.

तिनं मला एकदा नीट पाहून घेतलं आणि माझा नाद सोडला. मग ती ब्रूनोसमोर गेली, रिकामा हंडा उलटा करून दाखवला आणि वस्तीकडे हात केला. ब्रूनो तिच्यामागे चालू लागला. आम्ही सतरंजीवर बसून राहिलो. सरपंचांनी विचारलं, "हा कुठं जाऊन राह्यला बे?"

तो परत आला तेव्हा त्याची बोटं चुन्यानं पांढरी झाली होती.

"नो," तो म्हणाला.

"ही ऑर्डर आहे म्हणावं," साहेब गरजले.

मी सांगितलं.

"नो."

"वर लिहीन म्हणावं. परत पाठवीन."

मी तेही सांगितलं. यादीतला पोपट मी त्याला कशाला शिकवणार होतो, कोण जाणे.

ब्रूनोनं थोडा विचार केला. महिन्याभरात कमावलेलं सगळं इंग्रजी त्यानं गोळा केलं. "पेपर देअर. वॉटर देअर. वूमन देअर. मशीन देअर." मग मांडवाकडे बोट करून म्हणाला, "हिअर, नो."

तो रिगवर चढला आणि गाडी वस्तीकडे नेली. साहेबांना मशीन चालवता येत नव्हतं, सरपंचांनाही नाही. तेव्हा दोघांनी जिलेबी संपवली आणि मला शिव्या दिल्या.

तिसऱ्या दिवशी पाणी लागलं. पुढं त्यावर हापशी बसली. साहेबांनी वर लिहिलं खरं, पण ब्रूनोविरुद्ध नाही. परदेशी माणसाविरुद्ध लिहायला छाती लागते. मला मेमो आला. मेमो म्हणजे चूक काय झाली याचा खुलासा मागणारा कागद. "आदेशाचा आशय परदेशी कर्मचाऱ्यास नीट समजावून दिला नाही," असा माझ्यावर ठपका होता. खरं लिहायची ती दुसरी संधी होती. मी लिहिलं, "सदर विद्यार्थ्याचा शब्दसंग्रह अपुरा होता." बदली टळली.

शेवटच्या दिवशी ब्रूनोनं वही चाळून मला विचारलं, की यात "नो" कुठेच कसा नाही. मी म्हणालो, शिकवायची गरज नव्हती, तुमच्या भाषेतही नो म्हणजे नोच. तो हसला. मी हसलो नाही.

पुढं पावसाळ्यानंतर परीक्षेच्या कामासाठी त्याच गावातल्या शाळेत जाणं झालं. परत येताना लिंबाखाली थांबलो. कौसाबाई हापशी मारत होती. तिनं मला ओळखलं, तांब्या विसळला आणि पाणी दिलं.

"तो गोरा माणूस गेला का?"

"गेला."

"त्याले इंग्रजी कोनं शिकवली होती?"

"मी."

तिनं हापशीचा दांडा सोडला. "मंग तुमाले काऊन नाही आली?"

मी पाणी प्यालो आणि एसटी गाठली. पुढच्या जूनमध्ये पाचवीच्या पहिल्या तासाला किंग आणि पॅरट बाजूला ठेवून मी फळ्यावर आधी "नो" लिहिला. म्हटलं, पटलं नाही तर हा शब्द वापरायचा, मास्तरांसमोरही. समजलं?

सगळा वर्ग उभा राहून म्हणाला, "येस सर." शिकवलेलं पोरांना येत नाही. मास्तर जे करतो तेच येतं.