दोन ते सात पटींचा स्कोप

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही मिशिगनमध्ये नोव्हायला राहायला आलो. माझे यजमान एका मोटार कंपनीत इंजिनियर. माझ्याकडे पुण्याहून आणलेली फिजिक्सची एम.एस्सी. होती, विषय प्रकाशशास्त्र, आणि दोन वर्षं कॉलेजात शिकवल्याचा अनुभव. तिथे या दोन्हींना कोणी विचारेना. मग एके दिवशी घराजवळच्या, शिकारीचं आणि मासेमारीचं सामान विकणाऱ्या दुकानाच्या काचेवर पाटी दिसली. कॅमेरे आणि दुर्बिणींच्या काउंटरवर माणूस हवा होता. मी गाडी पार्क केली आणि आत गेले.

मालक साठीचा, आडव्या अंगाचा, कमी बोलणारा. त्याने माझं सर्टिफिकेट पाहिलंच नाही. सारख्या दिसणाऱ्या दोन दुर्बिणी पुढे ठेवल्या आणि म्हणाला, "यातली चांगली कुठली?"

मी दोन्ही आळीपाळीने हात लांब करून खिडकीकडे धरल्या. डोळ्याच्या बाजूच्या भिंगात उजेडाचा छोटा ठिपका दिसतो. एकीत तो पूर्ण गोल होता, दुसरीत चारही बाजूंनी कातरल्यासारखा.

"ही चांगली," मी म्हणाले. "त्या दुसरीतलं प्रिझम हलक्या काचेचं आहे. कडेचा उजेड वाया जातो."

"सोमवारपासून ये," तो म्हणाला.

त्याने सांगितलं नव्हतं ते एवढंच, की रायफलवर बसवायचे स्कोपही त्याच काउंटरवर होते, आणि कॅमेऱ्यांपेक्षा तेच जास्त खपत. मला त्याची भीती वाटली नाही. स्कोप म्हणजे शेवटी नळी, भिंगं आणि मधे अधिकच्या चिन्हासारख्या दोन रेषा. पहिल्या महिन्यात मी प्रत्येक मॉडेल कोमट पाण्याच्या बादलीत बुडवून पाहिलं. बुडबुडे आले तर नळीत हवा शिरते, म्हणजे थंडीत आतून धुकं धरणार. तीन मॉडेल्स मी शेल्फवरून काढायला लावली. मालकाने मान हलवली आणि काढली.

आमच्या मराठी मंडळींच्या पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, मात्र माझी नोकरी हा मोठाच विषय झाला. एक काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अगं, तू अंडंसुद्धा खात नाहीस आणि बंदुकांच्या दुकानात?"

"मी बंदुका विकत नाही काकू, भिंगं विकते," मी म्हणाले. उत्तर चलाख होतं, पण पुरेसं नव्हतं, हे मलाही कळत होतं.

एका ऑगस्टमध्ये एक गिऱ्हाईक आलं. नुकताच रिटायर झालेला माणूस, जन्मभर कारखान्यात साचे बनवलेला. बोटं जाड, पण काउंटरवरची वस्तू उचलताना कमालीची हलकी. त्याच्याकडे एकच रायफल होती, थर्टी-ऑट-सिक्स या मापाच्या गोळीची. तिच्यावर त्याला एकच स्कोप बसवायचा होता, आणि तो सगळ्याला चालायला हवा होता. मिशिगनच्या उत्तरेच्या दाट दलदलीतल्या हरणांना, जमलं तर अस्वलाला, आणि ऑक्टोबरमध्ये कोलोरॅडोच्या डोंगरात एल्कला. एल्क म्हणजे आपल्या सांबरापेक्षाही अंगाने थोराड हरीण. एल्कच्या शिकारीचं स्वप्न तो तीस वर्षं बघत होता.

त्याने सरळ सहा ते अठरा पटींच्या स्कोपवर बोट ठेवलं. "हा द्या. डोंगरात लांबचं दिसायला हवं."

"हा घेऊ नका," मी म्हणाले. "दोन ते सात पटींचा घ्या. वजनाला निम्मा आहे. पट जितकी जास्त, तितका दिसणारा तुकडा लहान. दलदलीत हरीण वीस पावलांवर उठलं तर या मोठ्यातून तुम्हाला नुसती लव दिसेल, हरीण नाही. आणि तीनशे यार्डांना सात पट भरपूर झाली."

त्याने ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "बाई, तुम्ही कधी रायफल चालवलीय?"

"नाही."

"हं," एवढंच म्हणून तो काहीही न घेता निघून गेला. आवाजात तुच्छता नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. कॉलेजात मी मुलांना सांगत असे, प्रयोग केल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका. आणि इथे मी काय करत होते?

मी मालकाला म्हणाले, "मला नेमबाजीच्या रेंजवर ने."

रविवारी सकाळी मी, मालक आणि त्याची बायको रेंजवर गेलो. बाकावर वाळूच्या पिशव्या, शंभर यार्डांवर कागदाचं लक्ष्य. मालकाने सगळं समजावलं. डोळा आणि स्कोप यांच्यात साडेतीन-चार इंच अंतर ठेवायचं, हे तर मीच रोज गिऱ्हाइकांना सांगत होते. पहिल्या तीन गोळ्या ठीक गेल्या. चौथ्या वेळी भोक कुठे पडलं ते नीट दिसावं म्हणून मी नकळत मान पुढे घेतली, आणि रायफल मागे आली. स्कोपची कड भुवईवर अशी बसली की क्षणभर लाल काय आणि पांढरं काय ते कळेना. मालकाची बायको रुमाल घेऊन धावली. मी मात्र पहिलं विचारलं, "गोळी लागली का?"

"लागली," मालक म्हणाला. "तुलाही लागलंय."

तीन टाके पडले. घरी दार उघडल्यावर यजमान बघतच राहिले.

"अगं, हे काय? अ‍ॅक्सिडेंट झाला का?"

"नाही. अंतर चुकलं."

सगळं ऐकून ते खुर्चीत बसले. "आता सोडतेस ना जॉब?"

"का? आत्ता कुठे मला तो कळायला लागलाय." मी डाळीचा कुकर लावायला गेले. ते मागोमाग आले आणि माझ्या हातातला कुकर त्यांनी काढून घेतला. त्या दिवशी वरणभात त्यांनी केला.

दहा-बारा दिवसांनी तो साचेवाला पुन्हा आला. तोच मोठा स्कोप घ्यायचा हे ठरवूनच आला असावा, पण माझ्या भुवईकडे पाहून थांबला.

"काय झालं?"

"तुम्ही विचारलं होतं, कधी रायफल चालवलीय का. आता चालवलीय."

तो आधी हसला, मग टोपी काढून काउंटरवर ठेवली. "बरं. बोला. मी ऐकतोय."

"बोलत नाही. दाखवते. संध्याकाळी दुकान बंद होताना या. आणि शिकारीला घालता तो जाड कोट घेऊन या."

तो आला. दुकानामागे पार्किंग आणि त्यापलीकडे मेपलची गर्द झाडी होती. ऊन उतरलं होतं. दोन्ही स्कोप मी नुसतेच, रायफलीशिवाय, बाहेर नेले. झाडीच्या कडेला कुंपणाचा एक वाकडा खांब होता.

"डोळे मिटा," मी म्हणाले. "मी 'आता' म्हटलं की स्कोप डोळ्याला लावून तो खांब शोधा."

आधी मोठा, सहावर ठेवून. त्याला खांब सापडेना. फांद्या, पानं, पुन्हा फांद्या. पुटपुटत, नळी इकडेतिकडे हलवत बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "हां, मिळाला." मग छोटा, दोनवर. मी 'आता' म्हणाले आणि तो लगेच म्हणाला, "हा काय."

"पुन्हा करू," तो म्हणाला. साच्यांचा माणूस, एका मापावर विश्वास ठेवणार नव्हता. आम्ही सहा वेळा केलं. तोवर अंधारायला लागलं होतं. मी मोठा स्कोप अठरावर फिरवून त्याच्या हातात दिला. तो बराच वेळ बघत राहिला.

"काळं झालं सगळं."

"पट वाढवली की डोळ्यात येणारी उजेडाची चकती बारीक होते. हरणं बाहेर पडतात ती याच वेळी ना?"

त्याने दोन्ही स्कोप हातात तोलले. मोठा मला परत दिला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला तो जाड कोट घालूनच बसवलं आणि मग स्कोप रायफलवर मागेपुढे सरकवून पक्का केला. कोटाच्या जाडीने रायफलचा दस्ता खांद्यापासून पुढे जातो, डोळ्याचं अंतर बदलतं. उन्हाळ्यात शर्टावर माप घेतलं तर थंडीत ते चुकणारच. मालक लांबून बघत होता. इतक्या वर्षांत त्याने कोणाला कोट घालायला लावला नव्हता.

ऑक्टोबरअखेर साचेवाला परत आला. दाढी वाढलेली, चेहरा उन्हाने रापलेला. काउंटरवर हात टेकून सांगू लागला. सहा दिवस काही नाही. एकदा दरीपलीकडे एल्क दिसला, पण फार लांब होता. "मोठा स्कोप असता तर मी कदाचित मारली असती गोळी," तो म्हणाला. "लागली नसती, किंवा नको तिथे लागली असती." सातव्या दिवशी पहाटे पाइनच्या झाडीतून चालताना समोर चाळीस पावलांवर एक नर उभा राहिला. स्कोप मी सांगितल्याप्रमाणे दोनवरच होता. पूर्ण जनावर दिसलं, खांदा दिसला.

"त्रास झाला त्याला?" मी विचारलं. हा प्रश्न माझ्या तोंडून इतका पटकन येईल असं मला वाटलं नव्हतं.

तो गंभीर झाला. "नाही. एकच गोळी. चार पावलं टाकली आणि बसला."

पॉटलकमधल्या काकूंना जे सांगायला हवं होतं ते मला तेव्हा सापडलं. तो माणूस शिकारीला जाणारच होता, मी असते किंवा नसते. नीट दिसणं आणि अर्धवट दिसणं यातला फरक त्या जनावराला सोसावा लागतो, आणि तेवढा फरक माझ्या हातात होता. मी मांस खात नाही, आजही नाही. पण त्या कामाची मला तेव्हापासून लाज वाटली नाही.

त्याने खाकी कागदात गुंडाळलेलं मांसाचं पुडकं आणलं होतं. मी ते घेतलं. शेजारच्या अमेरिकन बाईंनी ते शिजवून यजमानांना जेवायला बोलावलं, आणि त्यांनी तिथे दोनदा वाढून घेतलं.

त्यानंतर नोव्हेंबरमध्ये हरणांचा हंगाम सुरू होण्याआधी माझ्या काउंटरपुढे रांग लागायची. त्या साचेवाल्याने आपल्या सगळ्या जुन्या सोबत्यांना पाठवलं होतं, आणि प्रत्येक जण काखेत कोट घेऊन यायचा. पुढच्या वसंतात मालकाने ऑर्डरची जाडजूड वही माझ्यापुढे सरकवली. "स्कोपचं तू बघ."

आठवड्याभराने एका कंपनीच्या विक्रेत्याचा फोन आला. त्याला दुकानातले स्कोप निवडणाऱ्या साहेबांशी बोलायचं होतं.

"बोला," मी म्हणाले, "मीच निवडते." आणि तो सावरायच्या आत मी त्याला विचारलं, की त्यांच्या स्कोपमध्ये डोळ्याचं अंतर सर्वांत कमी पटीवर किती आणि सर्वांत जास्त पटीवर किती राहतं. त्याला माहीत नव्हतं. मोजून मग फोन करा, असं मी त्याला सांगितलं.