पाचोळ्यातला नर

बेडूक मोजणाऱ्यांकडे किस्से फार जमतात, कारण बेडूक जमत नाहीत. आमची टोळी तिघांची: कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या मॅडम, जंगल पाठ असलेले वनमजूर सोमाजी आणि वह्या वाहणारा मी. गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडाकडच्या जंगलात एका नाल्याकाठी, पाचोळ्यात राहणारा अंगठ्याएवढा तपकिरी बेडूक आम्ही शोधतो. तीन वर्षं तो सापडलेला नाही. यंदाही नोंद झाली नाही, तर तिथून रस्ता जाणार हे ठरलेलं आहे.

*

मोहफुलांच्या दिवसांत बाया झाडाखालचा पाचोळा जाळतात, फुलं वेचायला सोपी जातात म्हणून. मी एका काकूंना विनवलं, त्यात बेडूक राहतात हो. त्या म्हणाल्या, "मंग आठ दिस पावना जाय म्हना त्याले."

त्यांचं तेल-मीठ त्या फुलांवर चालतं.

*

मग बोर्ड लावायचं ठरलं. गोंदियाच्या पेंटरने बेडूक काढला हिरवागार, कमळावर बसलेला. मॅडमनी तपकिरी सांगितला होता.

"मॅडम, भूरा दूर से दिखता नहीं."

"म्हणूनच तर तो तपकिरी आहे," मॅडम म्हणाल्या. बोर्ड तसाच लागला.

*

वनखात्याचे मोठे साहेब ही जागा पाहायला येणार होते. गार्डने आदल्या दिवशी नाल्याचा काठ झाडून काढला, सगळा पाचोळा पेटवला आणि वर चुन्याची फक्की मारली. मॅडम राखेपाशी बसून काडीने राख उकरू लागल्या. गार्ड गोंधळला. "साहेब येऊन राह्यले, तं कचरा कसा ठेवाचा?"

साहेबांनी स्वच्छतेचं कौतुक केलं! मला त्या दिवशी नोकरी सोडावीशी वाटली.

*

यंदाची शेवटची फेरी श्रावणात झाली. संध्याकाळी त्या बेडकाचा जुना आवाज मोबाइलवर वाजवायचा आणि जवाब येतो का ते ऐकायचं, ही आमची पद्धत. तासभर काहीच आलं नाही. मॅडम सरळ रडायला लागल्या. सोमाजी जरा जाऊन येतो म्हणून झाडीत गेले.

थोड्या वेळाने नाल्यापलीकडून आवाज आला. टिक-टिक. टिक-टिक.

मी धावलो. सागाच्या झाडामागे सोमाजी उकिडवे बसले होते, तोंडाला ओंजळ लावून. मला पाहून हळूच म्हणाले, "तीन साल झाले, मॅडम हाका मारून राह्यल्या. कोनी तं बोलाले पायजे."

मी परत आलो. वीस वर्षं तो आवाज ओळखणाऱ्या मॅडमनी मला काही विचारलं नाही. वही मागून घेतली आणि लिहिलं: नर, एक.