तासाभरावरचा मामा

आमच्या शेजारच्या सिद्धम्माविषयी लिहावं असं बरेच दिवस मनात आहे. नीट जमेल की नाही, शंकाच आहे.

होटगी रस्त्याला तिचं दोन खोल्यांचं घर. कडक भाकऱ्या करून विकते. आईवडील गेले तेव्हा धाकटा भाऊ अमरेश नऊ वर्षांचा होता. त्याला तिनं शिकवलं, मुंबईत नोकरीला लागलेला पाहिला आणि मगच स्वतः लग्न केलं. मूल उशिरा झालं. तो गुरु.

गुरुचं जावळ मामाच्या मांडीवरच काढायचं होतं. पहिल्या वर्षी मामाला रजा मिळाली नाही. रेल्वेनं जाण्यायेण्यातच दोन रात्री मोडतात, म्हणाला. जावळ विषम वर्षी काढतात, म्हणून ही तिसऱ्यापर्यंत थांबली. पोराला दोन वेण्या घालायची वेळ आली. लोक मुलगी समजायचे. तिसरंही वर्ष सरत आलं, तेवढ्यात आमच्या गावाहून मुंबईचं विमान सुरू झालं. अमरेशचा फोन आला, अक्का, आता तासाभराचा रस्ता, नक्की येतो.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, म्हणून ती माझ्याकडे विचारायला आली. सडकेनं चारशे किलोमीटर, विमानानं साडेतीनशेच्या आसपास, असं मी सांगितलं. हवेत तास-सव्वा तास, बाहेर पडायला पंधरा मिनिटं, पुढं तिच्या घरापर्यंत दहा. त्या बेतानं तिनं न्हाव्याला वेळ दिली.

त्याला आणायला मी आपण होऊन गेलो. विमान वेळेवर उतरलं. अमरेश बाहेर आला, पण त्याच्या सासरची गाडी उभी होती. अक्कलकोटला मेव्हण्याच्या पेट्रोलपंपाचं उद्घाटन होतं. मला पाहून तो चपापला. पाया पडला आणि हळूच म्हणाला, "काका, विमान चुकलं म्हणून मी अक्काला कळवतो. तुम्ही काही बोलू नका."

मी मान हलवली. का हलवली, अजून कळत नाही. रिक्षांच्या गर्दीत उभं राहूनच त्यानं तिला फोन लावला आणि गाडीत बसून निघून गेला.

मी परतलो तेव्हा पाहुणे जेवायचे थांबले होते. सिद्धम्मा दारातच होती. अमरेशचं विमान चुकलं, म्हणाली. मग तिनं विचारलं, "तितं कुणी वळखीचं दिसलं न्हाय का, काका?"

"नाही."

तिनं पाट मांडला, मला मामाच्या जागी बसवलं आणि गुरुला मांडीवर दिलं. न्हाव्यानं पहिली वेणी कापली. पोरगं रडत माझ्या सदऱ्याला घट्ट धरून होतं. मला राहवेना.

"सिद्धम्मा, अमरेश आला होता."

न्हाव्याचा हात थांबला. तिनं त्याला चालू द्या म्हणून खूण केली.

"ठाऊक हाय. फोनवर त्याच्या मागं रिक्षावाला होटगी नाका, होटगी नाका वरडत हुता. मुंबईत कुटला आला होटगी नाका?" खाली पडलेले केस ती पदरात गोळा करत होती. "त्यो फसवतोय ते तवाच कळलं. तुमी तरी सांगाल म्हणून इचारलं हुतं."

दुसरी वेणी अजून उतरायची होती. मला उठता येईना.