नीली, मोटरवाली

चार वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन लॅपटॉपसमोर बसा. पलीकडून पुण्याच्या मॅडम त्याला प्रश्न विचारतील. उत्तरं तुम्हाला येतात. पण बोलायचं नाही, मान हलवायची नाही, त्याच्या पाठीवरचा हातसुद्धा दाबायचा नाही. जमेल?

मालविकाने हे केलं. उत्तरेकडच्या एका हिंदी शहरात, मंगला गौरीच्या गल्लीत, ती गणिताच्या शिकवण्या घेते. तिचा निनाद फार कमी बोलतो. शाळा म्हणाली, बोलण्याची तपासणी करून घ्या, मग प्रवेशाचं बघू. तपासणी कुठल्या भाषेत, असं विचारल्यावर तिने घरची भाषा सांगितली. मराठी.

मॅडमनी चेंडू दाखवला, मांजर दाखवली. निनाद गप्प.

"बरं, तुझं नाव काय रे?"

निनादने खिडकीकडे हात केला. खाली पंचगंगा घाट. "नीली," तो म्हणाला. "मोटरवाली."

"असं नाही राजा. नाव कुणाचं? नाव सांग."

"शिवराम."

मॅडमनी काहीतरी टाइप केलं. मालविका ओठ मिटून बसली होती. घाटावरचा नावाडी शिवराम मल्लाह दर रविवारी निनादला आपल्या निळ्या होडीत बसवतो. होडीला इथे सगळे नावच म्हणतात. निनादला घरी बाबू म्हणतात, आणि बाहेरचं कुणी विचारलं तर "नाम क्या है?" असंच विचारतं.

बोलायची परवानगी मिळाल्यावर तिने हे सगळं सांगितलं. मॅडमनी नीट ऐकून घेतलं. "आई, मी टीप घालते. पण तो जे बोलला तेच मला लिहावं लागतं."

अहवालात आलं : स्वतःचं नाव सांगत नाही.

तिचा नवरा विश्वजीत बँकेतून आल्यावर म्हणाला, "दोन प्रश्नांना दोन उत्तरं! बापाला तर एकही देत नाही लेकाचा."

मालविका हसली नाही. रडूही आलं नाही. तिने कुकर लावला.

रविवारी निनाद होडीतून परत आला. तिने त्याला खिडकीत बसवलं आणि हिंदीत विचारलं, "बाबू, नाम क्या है?"

तो घाटाकडे बघत राहिला. मग तिच्याच सुरात म्हणाला, "नाम क्या है."

तिने पुन्हा विचारलं नाही. खिडकी लावून घेतली. शाळेला काय कळवायचं ते अजून ठरलेलं नाही. शिकवणीत फळा पुसताना तिचा हात मधेच थांबतो. त्या दिवशी निनादने मॅडमना खरंच उत्तर दिलं होतं, की खिडकीतून होडी दिसली म्हणून तो नुसता बोलला होता?