मुन्सिफाचा रोजनामचा

बकरीला दहापैकी नऊ मिळाले आणि मला पाच. हे मी अजून विसरलेले नाही आणि विसरायचा विचारही नाही.

शाळा मुलींची, औरंगाबादेतली, निजामाच्या अमलातली. शिकवणं सगळं उर्दूत, घरी बोलणं मराठीत, आणि दिवसातून एक तास इंग्रजी. इंग्रजीच्या बाई मद्रासकडून नव्यानंच आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी आमच्यासाठी एक नाटुकलं लिहिलं. शेजारणीची बकरी दोरीवर वाळत घातलेल्या पैठणीचा पदर खाते, भांडण अदालतीत जातं, मुन्सिफ निकाल देतो. सगळं इंग्रजीत. आमच्या वर्गाला इंग्रजीत धड पाणी मागता येत नव्हतं, पण ते असो.

पार्ट वाटून झाले आणि बाईंनी जो गृहपाठ दिला त्यानं सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. जिच्याकडं जो पार्ट, तिनं त्या माणसाचा रोजनामचा लिहायचा. रोज दहा ओळी. स्वतःचा नाही, त्या माणसाचा. तो कशावर चिडतो, कशाला भितो, एकटा असला की काय करतो. बकरीसुद्धा यातून सुटली नाही.

माझा आवाज घोगरा आणि उंची ताडमाड, म्हणून मी मुन्सिफ. पहिल्या दिवशी मी लिहिलं की मी उठलो, दात घासले, आंघोळ केली, न्याय केला, जेवलो आणि झोपलो. दुसऱ्या दिवशीही तेच. बाईंनी खाली लाल शाईनं विचारलं, हा मुन्सिफ दात घासण्यापलीकडं काही करतो का? बकरी झालेली माझी मैत्रीण हिमरूच्या कापडाच्या व्यापाऱ्याची मुलगी. तिनं लिहिलं होतं, 'आज मी खाल्लं. मग मला मारलं. ते कुणाचं आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं.' घ्या, नऊ! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

एवढं मनावर घ्यायचं कारण म्हणजे ते माझं शाळेतलं शेवटचं वर्ष ठरलं होतं. पुढं मॅट्रिकचा वर्ग होता, पण वडिलांनी दिवाळीतच सांगून टाकलं होतं की आता बास. पिशोरचं एक स्थळ आलं होतं. घर चांगलं, विहिरीला पाणी बारमाही, आणि फार शिकलेली सून त्यांना नको होती. आईनं हे मला तव्यावरची भाकर उलटता उलटता सांगितलं. मला मॅट्रिकला बसायचं होतं. फार जिवापासून बसायचं होतं. पण मला कुणी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. वडिलांशी बोलायची आमच्याकडं पद्धतच नव्हती. त्यांना जेवायला चला म्हणायचं आणि कुणी आलं तर कोण आलंय ते सांगायचं, एवढंच बोलणं.

वडील अदालतीत पेशकार होते. मुन्सिफाच्या शेजारी बसून मिसली, म्हणजे खटल्यांचे कागद, वाचून दाखवायच्या, आणि मुन्सिफ सांगतील तो फैसला लिहून घ्यायचा. सकाळी शेरवानी आणि रुमी टोपी घालून निघत, संध्याकाळी येऊन धोतर नेसत. 'तुमच्या घरातच अदालत आहे, तिकडं बघ,' असं बाई म्हणाल्या. म्हणून मी वडिलांकडं बघायला लागले. ते पान लावताना बघितलं, पागोट्यासारखा रुमाल गुंडाळून डुलकी काढताना बघितलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला पकडलं.

"काय बघायलीस मघापासून?"

"अभ्यास करायलेय."

"माझा?"

"मुन्सिफाचा. पण आपल्या घरी मुन्सिफ नाय ना."

आता बोलणी बसणार असं वाटलं. आईनं स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं आणि परत आत घेतलं. मी गृहपाठाचं सगळं सांगितलं. दात घासणाऱ्या मुन्सिफापाशी आले तेव्हा वडिलांच्या मिशा हलल्या. "अगं, मुन्सिफ असा नसतो," असं म्हणत ते उठले, तख्तावर जाऊन बसले, आणि पाहता पाहता आमचे वडील तिथं राहिलेच नाहीत.

मान वेगळी, बसणं वेगळं, नाकातून निघणारा आवाज तर पार वेगळा. त्यांनी आईला हाक मारली. "इकडं ये. तू फिर्यादी."

"माझ्या हाताला पीठ आहे."

"पीठ चालतं. उभी राहा तिथं."

आई फिर्यादी, मी बकरीवाली. आईचं म्हणणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. वाळत घातलेल्या लुगड्याबद्दल आईला पुष्कळ बोलायचं होतं, तेही ऐकलं. मग माझ्याकडं वळले. मी म्हटलं, "बकरी तर आपलीच आहे, सगळ्यांना दिसतंय. मग मी काय सांगू?" तसे ते मुन्सिफाच्या आवाजातून बाहेर आले. "दिसलं तरी ऐकायचं. एकाच बाजूचं ऐकून निकाल दिला तर तो हुकूम होतो, फैसला नाय होत." एवढं बोलून पुन्हा मुन्सिफ झाले. सावकाश चष्मा काढला, खिडकीकडं बघत बसले. आम्ही दोघी श्वास धरून उभ्या. मग खिडकीवरची नजर न हलवता म्हणाले, "लिखिए, पेशकार साब."

"हे असंच," ते चष्मा चढवत म्हणाले. "मुन्सिफांचा चष्मा निघाला की मी कलम शाईत बुडवतो."

आई म्हणाली, "अगं माय! हे असले नखरे येतात व्हय तुम्हाला?" वडील लाजले. माणूस लाजताना कसा दिसतो ते मी आमच्या घरात पहिल्यांदाच पाहिलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी धोतर नेसून झालं की ते विचारत, "आज काय लिहिलंस मुन्सिफाचं?" इंग्रजी त्यांना येत नव्हतं. मी वाचायची आणि मराठीत सांगायची. ते मान हलवत, नाहीतर म्हणत, "छे, मुन्सिफ असा ओरडत नाय. तो जितका चिडतो तितका हळू बोलतो." माझे पाचाचे सात झाले, आठ झाले. बकरी काही नवावरून खाली उतरली नाही. पिशोरचा विषय मात्र कुणी काढत नव्हतं. वडील माझ्याशी बोलत होते ते मुन्सिफाबद्दल. माझ्याबद्दल नव्हे. एवढं मला कळत होतं आणि त्याचं वाईटही वाटत होतं.

नाटकाचा खेळ दुपारी झाला आणि जनाना होता. प्रेक्षक सगळ्या बायका, फाटकाच्या आत पुरुषाला पाऊल टाकायला बंदी. त्यामुळं ज्यानं मुन्सिफ बसवला तो भिंतीबाहेर लिंबाच्या झाडाखाली बसला, तोही चष्म्याशिवाय, कारण चष्मा माझ्या नाकावर होता. अंगात त्यांची जुनी शेरवानी, तिला डांबराच्या गोळ्यांचा वास. त्यांच्या चष्म्यातून मला समोरच्या बायका म्हणजे नुसता रंगांचा गोळा दिसत होता. ते बरंच झालं, भीती वाटली नाही. पैठणीवाली बोलली, बकरीवाली बोलली, बकरी मधेच ओरडली आणि तिनं लई टाळ्या घेतल्या. मग मी सावकाश चष्मा काढला. सगळं एकदम स्वच्छ दिसलं. दुसऱ्या रांगेत आई बसली होती, ताठ, हात जोडल्यासारखे मांडीवर. तिला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण आता निकाल आहे हे तिच्याइतकं कुणालाच कळलं नसेल. मी निकाल दिला की बकरीवालीनं हिवाळाभर पैठणीवालीला दूध द्यावं.

परत येताना टांग्यात आम्ही मागं, पडदा बांधलेला. वडील पुढं टांगेवाल्याशेजारी, आमच्याकडं पाठ करून. मधल्या फटीतून मी चष्मा दिला, तो त्यांनी घातला.

"काढला होतास?" त्यांनी विचारलं.

"काढला."

"घाईनं?"

"नाय. सावकाश."

"आणि खिडकी?"

"खिडकी नव्हती तिथं. पडद्याकडं बघितलं."

"चालतं," वडील म्हणाले. त्यांच्या आवाजावरून कळत होतं की ते भिंतीबाहेर फार वेळ बसले होते आणि त्यांना आत यायचं होतं.

टांगा औरंगपुऱ्याच्या गर्दीत शिरला. तेवढ्यात आई बोलली. "अवो, हिनं दोघींचंबी ऐकून घेतलं. बकरी खाताना समद्यांनी बघितली होती, तरीबी बकरीवालीचं ऐकलं. हिचं कुणी ऐकलं का?"

टांगेवाल्याच्या देखत घरातलं बोलणं! मग फटीतून मला त्यांचा हात वर जाताना दिसला. त्यांनी चष्मा काढला आणि ते रस्त्याकडं बघत बसले.

"बोल," ते वळून न बघता म्हणाले.

मघाशी इंग्रजीत न्याय करणारी मी, मला माझ्या भाषेत तोंड उघडता येईना. आईनं कोपरानं ढोसलं. "मला मॅट्रिकला बसायचंय," मी म्हणाले. "मला पिशोरला नाय जायचं. आत्ता नाय." आणि रडायला लागले. मुन्सिफ काही असा रडत नाही, पण मी आता मुन्सिफ नव्हतेच.

"आणि पिशोरवाल्यांची बाजू?" वडिलांनी विचारलं.

"त्यांचं तर तुम्ही दिवाळीपासून ऐकायलात," आई म्हणाली.

टांगेवाल्यानं घोड्याला उगाच एक हाळी दिली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी टांगा थांबला तरी ते उतरले नाहीत. चष्मा हातातच होता. मग म्हणाले, "लिखिए, पेशकार साब."

हयातभर हे वाक्य त्यांनी दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं होतं. आई पडद्याआड सावरून बसली.

"मुलगी परीक्षेला बसेल. पिशोरला तसा निरोप जाईल."

आईला आपली सहीसुद्धा करता येत नव्हती. तिनं पदर नीट केला आणि म्हणाली, "घेतलं लिहून."