पदूने पुरं नाव विचारलं

रविवारी पदूने फोनवर माझ्या नातवाचं पुरं नाव विचारलं आणि मी सांगून टाकलं. "सम्यक मनोज सोनावळे." वर हसून म्हटलं, "आत्तापासून कशाला रे पाठ करतोस?" तो हसला नाही. "असू द्या ताई," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. पदूचं तिकडे काही ठीक नाही, एवढंच कळत होतं. काय ठीक नाही, ते आज रात्री कळलं.

पदू सध्या अंदमानातल्या एका लहानशा बेटावर, एका रिसॉर्टमध्ये लाइफगार्ड आहे. माझी मुलगी प्रिया, जावई मनोज आणि सहा वर्षांचा सम्यक पुढच्या महिन्यात त्या बेटावर सुट्टीला चाललेत. राहायचं कुठे ते अजून पक्कं नाही. प्रिया उद्या सकाळी ऑफिसला निघण्याआधी पक्कं करणार आहे. घरात सगळे झोपलेत. मी हे लिहून काढते आहे, कारण नुसतं डोक्यात फिरत राहिलं तर मला सकाळपर्यंत काही ठरवता येणार नाही.

पदू कर्जतजवळच्या आमच्या कोंडाणे गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या ठाकूरवाडीतला. पदू काळूराम आगिवले. वय चाळिशीच्या आसपास. त्याला स्वतःलाही नक्की ठाऊक नाही. उन्हाळ्यात करवंदं, पावसाच्या तोंडावर शेवळाची रानभाजी, बाकी मिळेल ती मजुरी. शेवळाची जुडी माझ्या ओट्यावर टाकताना दरवर्षी एकच बोलायचा, "घ्या ताई, घशाला खाज सुटली तर माजं नाव नाय सांगायचं." त्याच्यासारखा नकला करणारा गावात दुसरा नाही. धबधब्यावर आलेली पोरं सेल्फी काढताना ओठ कसे पुढे करतात, ते तो हातातला कोयता मोबाइलसारखा धरून करून दाखवायचा, आणि त्याची बायको हिरू तोंडाला पदर लावून हसायची. प्रियाच्या शेलूच्या नव्या बिल्डिंगमध्ये पहिल्यांदा आला तेव्हा लिफ्टमध्ये पाय ठेवेना. तांदळाची गोणी खांद्यावर घेऊन सगळे जिने चढला आणि वर येऊन धापा टाकत म्हणाला, "पेटीत बसून वर जायाचं, ते येकदाच."

पावसाळ्यातला पदू मात्र वेगळा.

आमच्याकडच्या डोहांत दर पावसाळ्यात कुणी ना कुणी जातंच. शनिवार-रविवारची गर्दी येते, कुणीतरी शेवाळलेल्या खडकावरून घसरतं, आणि मग पोलिसांचा फोन येतो. वाडीत रेंज नाही, म्हणून तो फोन माझ्या नंबरवर येतो. माझे मिस्टर तेव्हा खोपोलीला कंपनीत असायचे, घरी मीच. मी कुणाला तरी वाडीवर पिटाळायची. पदू उतरून यायचा आणि न बोलता जीपमध्ये बसायचा. आजही पावसात अनोळखी नंबर दिसला की मी आधी पदराला हात पुसते, मग उचलते.

एकदा मीही गेले होते. बुडालेल्या मुलाची आई सोबत होती, तिच्याजवळ कुणी बाई हवी म्हणून हवालदार मला घेऊन गेले. पदूने शर्ट काढला आणि डोहाच्या काठावर उकिडवा बसला. बराच वेळ नुसता पाण्याकडे बघत होता. एक पळसाचं पान टाकलं, ते कुठे फिरतं ते बघितलं. लोक चिडायला लागले. "अरे, उतर ना! बघतोस काय?" पदूने मान वळवली नाही. मग उठला आणि मुलाच्या वडिलांसमोर जाऊन उभा राहिला.

"पोराचं नाव काय?"

त्यांनी सांगितलं.

"तसं नाय. पुरं सांगा. बापाचं, आडनाव, समदं. आन आता हाक मारा. मोठ्यानं."

वडिलांच्या तोंडून आवाज फुटेना. आईनेच हाक मारली. ते नाव मी इथे लिहीत नाही, पण ती हाक मला अजून ऐकू येते. पदू पाण्यात गेला आणि मुलाला घेऊन वर आला.

संध्याकाळी माझ्या ओट्यावर बिनदुधाचा चहा पिताना मी विचारलं, तेव्हा म्हणाला, "पान्याला ठाऊक नसतं ताई, त्यानं कुनाला धरलंय. घरच्या मानसानं पुरं नाव घेतलं का सोडतं. आमचा बा असंच करायचा."

"आणि नाव ठाऊक नसलं तर?"

"मंग लई येळ लागतो. कदी कदी मिळतच नाय."

मी विहारात मुलांचे वर्ग घेते. पाणी ऐकतं यावर माझा विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. पण एक गोष्ट मी पाहून ठेवली. पदू आधी पाणी बघतो. माणूस आत आहे आणि गेलेला आहे, अशी खात्री पटली तरच नाव विचारतो. एका पावसाळ्यात सगळे डोहाकाठी रडत होते, आणि पदूने नाव विचारलंच नाही. "हितं नाय कोन," म्हणून शर्ट घालून मोकळा. तो हरवलेला मुलगा राजमाचीच्या वाटेवर भरकटलेला सापडला, चांगला धडधाकट.

दुसरी गोष्ट सगळ्यांना माहीत असून कुणी बोलत नाही. पदूने आजवर एकाही माणसाला जिवंत बाहेर काढलेलं नाही. त्याचा दोष नाही. मला फोन येणार, मी माणूस पाठवणार, तो डोंगर उतरून येणार, तोवर सगळं होऊन गेलेलं असतं. एकदा तो स्वतःच म्हणाला होता, "मेलेला बरा ताई. तो गळ्यात पडत नाय. जित्ता मानूस पान्यात आपल्यालाबी घेऊन जातो."

कळंबच्या एका रिसॉर्टच्या शेठने त्याला असाच डोहात बुडी मारताना पाहिलं. त्यांच्या स्विमिंग पुलावर पदूला लाल चड्डी आणि शिट्टी देऊन उभं केलं. छातीएवढं पाणी, तळाच्या फरश्या मोजता येतील असं. तिथे त्याचं झकास चाललं. मग शेठने अंदमानच्या रिसॉर्टमध्ये भागीदारी घेतली आणि पदूला तिकडे न्यायचं ठरलं. निघायच्या दिवशी हिरू त्याला म्हणाली, "येवडं पानी बगाया चाललास, आदी घरातला हंडा भरून दे." सगळे हसले. त्याने खरंच हंडा भरून दिला. तो टेंपोत बसल्यावर हिरू माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "ताई, डोहाला तळ तरी असतो."

सुरुवातीचे त्याचे फोन मजेचे होते. हिरूशी बोलायला तो माझ्याच नंबरवर फोन करतो. इथे नारळ फुकट, इथे मासे पोरांसारखे अंगावर येतात, इथल्या म्यानेजरला माझं नाव बोलता येत नाय. दिवाळीनंतर बोलणं कमी झालं. एकदा म्हणाला, "ताई, हितलं पानी लई गप हाय. लाट नाय, काय नाय. पन उबं राह्यलं का पायाखालची वाळू चालाया लागते." कुण्या पाहुण्याच्या पोराचा चेंडू पाण्यात गेला, तो किनाऱ्याला परत न येता दोरीने ओढल्यासारखा सरळ आत गेला, असंही सांगत होता. त्याने ते मॅनेजरला सांगितलं. मॅनेजर म्हणाला, पाहुण्यांसमोर असलं बोलायचं नाही, लोक इथे शांततेचे पैसे देतात. मी नुसतं हं म्हटलं असेन. चेंडूच तर गेला होता.

शनिवारी प्रिया कोंडाण्याला आली ती खोल्यांचे फोटो घेऊनच. बेटावर दोन जागा तिने निवडल्या होत्या. एक धक्क्याजवळची: समोर उथळ खाडी, मागे बाजार, बोटींचे भोंगे, सगळ्यांची ये-जा. दुसरी बेटाच्या पलीकडच्या अंगाला: नारळीची झाडं, वाळूवर सुट्या सुट्या झोपड्या, दारातून उतरलं की पाणी. आसपास माणूस नाही.

"आई, हे बघ ना. केवढं शांत आहे!"

"जरा जास्तच शांत आहे. त्या धक्क्याजवळ काय वाईट आहे?"

"अगं, गर्दीच बघायची तर कर्जत स्टेशन काय वाईट आहे?" तिने फोटो मोठा केला आणि किंचाळलीच. "आई! हा आपला पदूदादा!"

खरंच पदू होता. लाल चड्डी, पिवळी टोपी. खाली नाव लिहिलेलं: पॅडी. सम्यक हसून हसून गादीवर लोळला. मनोज म्हणाला, "झालं तर मग. आपलाच माणूस लाइफगार्ड आहे म्हटल्यावर दुसरीकडे कशाला जायचं?" मीही हसले. मलाही तेव्हा बरंच वाटलं.

रविवारी पदूचा फोन आला तेव्हा मी मोठ्या आनंदाने सांगितलं, आमची माणसं तुझ्याकडे येतायत. त्याने विचारलं, "कुटली खोली?"

"पाण्यालगतची बघतायत."

"मागची घ्याया सांगा. नारळीतली." "ताई, पोराचं पुरं नाव काय लावता?"

आणि मी सांगितलं.

आज जेवणं झाल्यावर प्रियाने त्या जागेबद्दल लोकांनी लिहिलेले अभिप्राय पाठवले. आईचा जीव शांत व्हावा म्हणून. मी एकेक वाचत गेले. जेवण छान, चादरी स्वच्छ, सूर्यास्त अप्रतिम. मग एकाने लिहिलं होतं की इथला लाइफगार्ड पॅडी फार आपुलकीचा आहे, आमच्या मुलीचं वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव त्याने विचारून घेतलं. त्याखाली आणखी कुणी लिहिलं होतं, पॅडीने आमच्या सगळ्यांची नावं पाठ केली, असं आदरातिथ्य कुठेच पाहिलं नाही. नीट पाहिलं तर जुन्या अभिप्रायांत हे कुठेच नाही. दिवाळीनंतरच्यांत आहे. त्याच्या पायाखालची वाळू चालायला लागली तेव्हापासूनच्या.

पदूने तिथलं पाणी बघून घेतलंय, कुणीतरी जाणार अशी त्याची खात्री झालीय. आता तो नावं गोळा करतोय.

मी लगेच प्रियाला फोन लावला. डोहाचं, पानाचं, हाकेचं, सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती, पण मधेच तिचा श्वास बदललेला मला कळला.

"आई, तू विहारात पोरांना काय शिकवतेस? आधी तपासा, मग माना. आणि स्वतः हे मानतेस?"

"पाणी ऐकतं हे मी मानत नाही गं. पण पदूला पाण्याची खात्री पटल्याशिवाय तो नाव विचारत नाही, हे मी तपासलंय."

"तू मला नदीत कधी पाय बुडवू दिला नाहीस. आता सम्यकचीही तीच गत करणार."

"धक्क्याजवळची जागा घ्या. माझं एवढं ऐक."

"तिथे लाइफगार्ड नाही! जिथे आहे तिथे जाऊ नका म्हणतेस, आणि जिथे नाही तिथे जा. हे कुठलं शहाणपण?"

"पदू लाइफगार्ड नाही गं."

"मग कोण आहे?"

मागून सम्यकचा आवाज आला, "आजी, पदूमामा मला त्याची शिट्टी देणार आहे!" प्रिया म्हणाली, "झोप आता. मी सकाळी पक्कं करून टाकते."

त्यानंतर मी तो फोटो पुन्हा काढून बघत बसले. पाहुणे सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसतायत. पदूचं शरीर कॅमेऱ्याकडे आहे, डोळे पाण्याकडे. तसेच, डोहाकाठी असायचे तसे. शनिवारी आम्हाला त्याची टोपीच दिसली होती.

इतका वेळ मी सम्यकचाच विचार करत होते. आता दुसरंही डोळ्यांसमोर येतंय. कुणाचंही पोर त्या वाळूवरून घसरलं तर पदू काठावर उभा राहणार नाही. शिट्टी टाकून आत जाईल. त्याला गेलेल्यांना आणायचं माहीत आहे. जिवंत पोर त्याच्या गळ्याला मिठी मारेल, तेव्हा काय करायचं ते त्याला कुणी शिकवलेलं नाही, आणि हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तरीही तो रोज तिथे उभा राहतो. आणि तोच परत आला नाही तर काठावरून त्याला हाक कोण मारणार? तिथे सगळ्यांची नावं पदूपाशी आहेत. त्याचं पुरं नाव तिथे कुणालाच ठाऊक नाही. मॅनेजर आपला "पॅडी, पॅडी" ओरडत राहील.

मी असलं काही मानत नाही. पण त्याचं पुरं नाव मी वर लिहून ठेवलंय.

प्रिया माझं ऐकणार नाही. पदूचं ऐकेल. म्हणून सकाळची वाट न बघता आत्ताच त्याला फोन लावायचा. झोपला असेल तर उठेल. पाणी कसं आहे, हे त्याला विचारायचं नाही, ते त्याने सांगून झालंय. प्रियालाही त्याच फोनवर घ्यायचं आणि म्हणायचं, पदू, हिच्या पोराचं नाव तू का विचारलंस ते तुझ्या तोंडाने हिला सांग. मॅनेजरची भीड धरू नकोस. आणि ते झालं की सांगायचं, हिरू हंडा रिकामा करून बसली आहे, मिळेल त्या बोटीने निघ.

पाण्याचे फोन आजवर मला आले, आणि आले तेव्हा सगळं होऊन गेलेलं होतं. हा फोन मी लावणार आहे. नंबर समोर आहे. वही मिटते.