तिसऱ्या खुर्चीचा माणूस

त्याला सगळे तिसरा म्हणत. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर होतं, ते तिथेच राहिलं. त्या जुन्या, चार इंजिनांच्या अवाढव्य विमानात पुढे दोन वैमानिक बसत आणि त्यांच्या पाठीमागे, भिंतीकडे तोंड करून, हा. समोर भिंतभर घड्याळं, दिवे आणि खटके. कुठल्या टाकीतलं इंधन कुठल्या इंजिनाला द्यायचं, कोण तापलंय, कोणता पंप कुरकुरतोय, हे सगळं बघायचं यानं. ढग बघायचे ते पुढच्या दोघांनी. नवी पोरं चिडवायची, "तीन तिगाडा, काम बिगाडा!" हा म्हणायचा, "तुम्ही बिघडवलेलं निस्तरायलाच तर तिसरा ठेवलाय."

मग नवी विमानं आली आणि त्यांत तिसरी खुर्चीच नव्हती. निरोपाला हार घातला, भाषणं झाली, आणि भेट काय दिली, तर भिंतीवरचं घड्याळ! उभी हयात भिंतीवरची घड्याळं बघण्यात गेली त्या माणसाची. देणाऱ्याच्या अकलेला काय म्हणावं? याने ते खोक्यातून कधी काढलंच नाही.

त्याचे कप्तान दोन गल्ल्या सोडून राहायचे. बायको गेल्यावर घर खायला उठलं, तेव्हा त्यांनी मागच्या खोलीत विमान मांडलं. खरं नाही हो, कॉम्प्युटरवरचं. कुणा वेड्या हौशी मंडळींनी तेच जुनं विमान खिळान्‌खिळा बघून घरबसल्या उडवण्यासाठी तयार केलं होतं. आवाजसुद्धा तोच. कप्तानांनी तीन पडदे लावले, भंगारातून इंजिनांचे खरे दांडे मिळवले, दोन खुर्च्यांपुढे दोन सुकाणू बसवले. इस्त्रीच्या टेबलावर आणखी एक पडदा टेकवला. ती तिसऱ्याची भिंत.

पहिल्याच दिवशी तिसरा त्या पडद्यासमोर बसला आणि बघतो तर काय, खटके आपले आपणच हलतायत! कप्तानांनी मग सेटिंग दाखवलं. तिथे लिहिलेलं, 'इंजिनिअर आपोआप', आणि पुढे बरोबरची खूण.

"म्हणजे माझी अख्खी नोकरी एका टिचकीत?"

"शिवाय ही टिचकी चहा मागत नाही," कप्तान हसून म्हणाले. पण मग त्यांनीच ती खूण काढून टाकली. "बस. तुझ्याशिवाय हे उडत नाही, असं समज."

तिसऱ्याला एकदम भरून आलं. तो नाक शिंकरायचं निमित्त करून मोरीत गेला आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिला.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी दोघं उडायचे. तिसऱ्याच्या बायकोने सुरुवातीला कपाळावर हात मारला, पुढे तीच शर्टाला इस्त्री करून ठेवू लागली. घरात तेवढीच शांतता, असं तिचं म्हणणं.

आणि मग कप्तानांचं हरवायला लागलं. आधी शब्द हरवले, मग कामांचा क्रम. एकदा गॅसवर भांडंच नव्हतं आणि गॅस तासभर जळत होता. एकदा कंपनीचा जुना कोट चढवून ड्युटीला म्हणून निघाले, ते बसच्या कंडक्टरने त्यांना हाताला धरून घरी आणलं. लेक नोकरी सांभाळून बापाला सांभाळत होती, पण ती दिवसभर बाहेर. विसराळू झालेल्या म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या एका घरात खोली रिकामी झाली होती आणि येत्या सोमवारी होय-नाही कळवायचं होतं.

"काका, माझ्यासमोर ते नीट असल्याचं सोंग करतात," ती तिसऱ्याला म्हणाली. "तुमच्यासमोर नाही जमायचं त्यांना. विमानात कसे आहेत ते तुम्हीच बघता. तुम्ही सांगाल ते मी करीन."

आता याने काय सांगावं? याआधी दर रविवारी ती 'कसं झालं?' विचारायची आणि दर रविवारी हा सांगायचा, "फस्क्लास!" साफ खोटं. विमान खाली यायचं, कप्तान चाकं सोडायला विसरायचे, हा हळूच हात लांबवून सोडायचा. वेग पडायचा, हा दांडा पुढे सरकवायचा. विमानात एक नियम असतो. उतरताना काही चुकलं तर हाक द्यायची. उत्तर आलं नाही, तर दुसरी हाक. तिलाही उत्तर नाही, म्हणजे चालवणाऱ्याचं भान गेलं असं धरायचं आणि विमान आपल्या हाती घ्यायचं. मग तिथे वय नाही, मान नाही, मैत्री नाही. म्हणून हा पठ्ठ्या एकच हाक द्यायचा. दुसरी कधी दिलीच नाही त्याने. दिली असती, तर पुढचं सगळं आलंच असतं.

त्या रविवारी मात्र तो कप्तानांशेजारच्या उजव्या खुर्चीत जाऊन बसला. रात्रभर त्याला गॅसची ती जळती शेगडी दिसत होती. लेक स्वयंपाकघरात होती. धावपट्टी समोर आली आणि विमान एका अंगाला कलायला लागलं.

"कप्तान, उजवीकडे कलतंय."

कप्तान पडद्याकडे बघत राहिले, लहान मूल अनोळखी पाहुण्याकडे बघतं तसे.

"कप्तान! कलतंय!"

उत्तर नाही. तिसऱ्याने सुकाणू धरलं. त्याबरोबर कप्तानांनी दचकून त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत ओळख परत आली.

"दुसरी हाक दिलीस?"

"हो."

"पहिली मला ऐकू आली नाही रे." मग त्यांनी विचारलं, "असं किती दिवस चाललंय?"

"बरेच."

"मग इतके दिवस दुसरी का नाही दिलीस, गाढवा?" त्यांनी सुकाणूवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. "विमान तुझ्याकडे."

"विमान माझ्याकडे," तिसरा म्हणाला. जन्मात कधी त्याने विमान उतरवलं नव्हतं. धप्पकन आदळलं, पण सरळ उतरलं.

"पोरीला खरं सांग," कप्तान म्हणाले. "मी भांडेन. भांडलो तरी ऐकू नकोस माझं. जा, सांग."

"सांगतो."

इंजिनं एकेक करून बंद करायची होती, ती तिसऱ्याने केली. तेवढ्यात लेक चहा घेऊन आली.

"कसं झालं, काका?"

"बाळ, ती खोली घे. त्यांना एकटं ठेवायचे दिवस गेले. त्यांच्याने आता उतरवणं होत नाही. मी इतके दिवस लपवलं तुझ्यापासून."

कप्तानांनी गर्रकन मान वळवली. "काय बोलतोयस तू?"

"कप्तान, आत्ताच तुम्ही मला म्हणालात ना..."

"मी? मी काय म्हणालो?" त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. विमान धावपट्टीवर उभं होतं. "हे बघ, पोरी, किती सरळ उतरवलंय मी! आणि हा म्हणतो मला जमत नाही. इतकी वर्षं पाठीमागे बसवला, तो पाठीत सुरा खुपसायला?" त्यांचा आवाज फाटला. "याला पुन्हा घरात घेऊ नकोस."

लेकीने तिसऱ्याकडे पाहिलं. बाबा स्वतःच बोलून विसरले, हे तिच्या ध्यानात आलं. तिसऱ्याने चहाचा ट्रे तिच्या हातातून घेतला आणि इस्त्रीच्या टेबलावर ठेवला. विमान कुणी उतरवलं ते आत्ता खरं सांगितलं असतं, तर कप्तानांच्या हातात ते एक उतरलेलं विमानही उरलं नसतं.

"हो कप्तान," तो म्हणाला. "छान उतरवलंत."

कप्तानांनी तोंड फिरवलं. तिसऱ्याने दाराशी चपला घातल्या आणि तो घरी गेला.